दर्याला दिलेलं जाळं

मी एक नायलॉनचं जाळं. आंजर्ल्याच्या खाडीकाठी भिवाच्या पडवीत वाशाला टांगलेला आहे आणि तिथूनच बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. गोड बोलणारं जाळं हवं असेल तर दुकानात जा. तिथे नवी कोरी मिळतात, पिशवीत घडी घातलेली. त्यांचं अजून कोणी काही वाकडं केलेलं नाही, म्हणून ती गप्प असतात. मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एका बाजूने धागा आत जायचा आणि दुसऱ्या बाजूने माझ्यासारखी जाळी गठ्ठ्यांनी बाहेर पडायची. कोणी कौतुक केलं नाही, बारसं तर दूरच. माझ्यावर एक कागद चिकटवला होता. त्यावर लिहिलं होतं की हा माल कुजत नाही. दुकानदार तो कागद गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचा. भिवानेही तो वाचला, माझा धागा दोन्ही हातांत धरून ताणून बघितला आणि खूश झाला. "कुजत नाय म्हणजे झालंच की," म्हणाला. त्याचं हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी तर ठेवलंच आहे.

भिवाच्या घरात तीन माणसं. भिवा, त्याची बायको बकुळा आणि मुलगी नेत्रा. भिवाची होडी लहान, पण समुद्राची जाण मोठी. कड्यावरच्या गणपतीचा कळस कुठल्या झाडाच्या रेषेत आला की जाळं सोडायचं, हे त्याने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. बकुळा हर्णैच्या बाजारात मासे विकायची. तिच्याशी एकदा घासाघीस केलेलं गिऱ्हाईक पुन्हा त्या भानगडीत पडायचं नाही. नेत्रा तेव्हा शाळेत जात होती.

मी घरी आलो त्या दिवशी तिघांनी मला अंगणात पसरलं. वरच्या दोराला बोये बांधले, म्हणजे मी तरंगत राहावं. खालच्या दोराला शिशाची वजनं ओवली, म्हणजे मी पाण्यात ताठ उभं राहावं. बकुळाने हळद-कुंकू लावलं, भिवाने हात जोडले. मला वाटलं, चला, आपण या घरातले झालो. काय खुळा होतो मी!

कामाला मी कधी कमी पडलो नाही. सुरमई आणली, सरंगा आणला. भिवाच्या घरावर कौलं होती, तिथे पत्रे आले, पडवीला लाद्या आल्या, नेत्रा दापोलीला कॉलेजात गेली. हे सगळं माझ्या विणीच्या घराघरांत अडकून आलं. मी माझं कौतुक सांगत नाही. हिशेब पुढे लागणार आहे म्हणून सांगतो.

मी फाटायचो, ते साहजिकच आहे. कधी खडकावर घासायचो, कधी एखादा मोठा मासा भसकन आरपार जायचा. मग नेत्रा मला मांडीवर घेऊन बसायची. तिला एकदा पांढरा धागा मिळाला नाही, म्हणून हिरवा आणला आणि पुढे तोच ठेवला. त्यामुळे माझी सगळी ठिगळं हिरवी. शिवाय पोर डावरी. तिची गाठ सगळ्या गावाच्या उलटी पडायची. बकुळा करवादायची, उलट्या हाताची गाठ लाभत नाही म्हणायची. भिवा म्हणायचा, सुटत नाही ना, मग झालं तर. आणि खरंच सुटायची नाही. खेचली की जास्तच आवळायची. मात्र तीच गाठ मागे ढकलून खालची मोकळी शेपटी बोटाने उचलली की हळूच सुटायची. ही खोड फक्त नेत्राला ठाऊक होती. आणि मला.

मग नेत्राचं लग्न झालं. रत्नागिरीला, मिऱ्याच्या बाजूला दिली. नवरा सर्वेश, त्याचीही छोटी होडी. ती निघाली तेव्हा माझ्यावरून एकदा हात फिरवून गेली. त्यानंतर माझ्यावरून प्रेमाने कोणाचा हात फिरला नाही.

भिवाची नजर अधू झाली, बकुळाचे गुडघे गेले. ठिगळ लावणार कोण? भिवाने नवं जाळं आणलं आणि मी अंगणाच्या कोपऱ्यात पडलो. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. मी तेही चालवून घेतलं. म्हातारपण आहे, कुठेतरी पडून राहायचंच. पण तेवढंही माझ्या नशिबात नव्हतं.

आता इथला एक रिवाज सांगतो. सगळं त्यातच आहे. या काठावर जुनं जाळं जाळत नाहीत, उकिरड्यावर टाकत नाहीत. ज्याने पोट भरलं त्याला आग कशी लावायची? नारळी पौर्णिमेला, समुद्राला नारळ देतात तेव्हा, जुनं जाळंही हळद-कुंकू लावून ओहोटीबरोबर सोडून देतात. 'दर्याचं दर्याला' म्हणतात आणि परत फिरतात. परत फिरल्यावर मागे बघायचं नसतं.

भिवाच्या आजाच्या काळात यात काही चुकीचं नव्हतं. तेव्हा जाळं सुताचं असायचं. पाण्यात पडलं की पुढच्या पावसाळ्याआधी त्याचा चिखल व्हायचा आणि तो चिखल मासे खायचे. खरोखरच दर्याचं दर्याला जायचं. पुढे सुताचं जाळं गेलं, मी आलो. रिवाज मात्र तोच राहिला. आणि मागे वळून कोणी बघत नाही, त्यामुळे मी बुडतच नाही, हे कोणाला कधी दिसलंच नाही.

माझी पाळी आली त्या सकाळी नेत्राचा फोन आला होता. बकुळाने तिला सांगितलं की आज जुनं जाळं देतोय. माझ्या नावानेही एक नारळ सोडा, नेत्रा म्हणाली. मी ऐकलं आणि मला बरं वाटलं. मग भिवाने सुरी घेतली आणि माझ्या खालच्या दोराची शिशाची वजनं एकेक करून काढून घेतली. नव्या जाळ्याला उपयोगी पडतील म्हणून. म्हणजे बघा, दर्याला मन भरून द्यायचं, पण शिसं तेवढं घरात ठेवायचं! बोये जुने, चिरलेले होते, ते राहू दिले.

खाडीच्या तोंडाशी मला सोडलं. बकुळाने डोळे पुसले, भिवाने हात जोडले आणि होडी फिरवली. मी पाण्यावर पसरून त्यांच्या पाठींकडे बघत राहिलो. एकाने तरी मान वळवली असती तर मी तरंगताना दिसलो असतो. नाही वळवली. त्या क्षणी मी डूख धरला. ठरवलं, भिवा, मी येईन. आज ना उद्या तुझ्याच दारात येईन आणि माझं उट्टं काढीन.

पण जायचं कुठे, हे माझ्या हातात नव्हतं. ते पाण्याच्या हातात होतं. आपल्या किनाऱ्याला लागून समुद्रात एक वाहतं पाणी असतं. पावसाळ्यात ते दक्षिणेकडे जातं आणि दिवाळीनंतर फिरून उत्तरेकडे येतं. हे भिवाला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या भरवशावरच तर त्याने जन्मभर मला टाकलं आणि उचललं. पाणी कुठे जातं ते त्याला माहीत होतं. त्या पाण्याबरोबर आपण टाकलेलं कुठे जातं, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही.

सुवर्णदुर्ग मागे पडला. वाटेत एका मोठ्या खाडीचं तोंड लागलं. तिथून तपकिरी पाणी बाहेर येत होतं. त्याला औषधाचा उग्र वास होता आणि वर फेस होता. कुठल्या कुठल्या कंपन्यांनी वर सोडलेलं पाणी होतं ते. ते माझ्याबरोबर निघालं. डोंगर कापून रस्ते केले त्याची तांबडी माती निघाली. डांबराचे गोळे निघाले. कोणाची चप्पल, सलाईनची बाटली, मखराचा थर्माकोल, तेलाचा डबा. ज्याने त्याने आपापल्या काठावर हात झटकले होते आणि म्हटलं होतं, गेलं एकदाचं. गेलं कुठे? माझ्यात येऊन अडकलं. सगळ्यांना एकच वाट होती.

मग एक कासवीण अडकली. तिचा जन्म कदाचित आंजर्ल्याच्याच वाळूतला असेल. तिथे पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा माणसं जमतात, टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. त्यांनी टाळ्या वाजवून सोडलेलं माझ्यात मेलं. तिने खूप धडपड केली. मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, नाही वाटलं. मला पकडायलाच तर बनवलं होतं. पकडलेलं सोडवणारा हात मात्र आता कोणाचाच नव्हता. हा दोष माझा नव्हे.

कासविणीचं ओझं, त्यात अंगावर चिकटलेले शिंपले. चिरलेल्या बोयांना ते पेलेना. गणपतीपुळे मागे टाकून मिऱ्याच्या डोंगरासमोर आलो आणि हळूहळू खाली बसलो.

खाली दगड असेल असं मला वाटलं होतं. तो दगड नव्हता. पोवळं होतं. पिवळं, जांभळं, हिरवं, कुठे शिंगांसारखं फुटलेलं, कुठे कोबीच्या गड्ड्यासारखं. सगळं जिवंत. तिथली माणसं त्या जागेला 'सोनखडप', म्हणजे सोन्याचा खडक म्हणतात, हे मला नंतर कळलं. भेगांतून शेवंडांच्या, म्हणजे त्या भल्यामोठ्या समुद्री झिंग्यांच्या, मिश्या हलत होत्या, तांबोशी मासळी फिरत होती. मी त्या सगळ्यावर पसरलो.

माझ्याखाली एक फार म्हातारं पोवळं दबलं होतं. त्याने विचारलं, "कुठून आलास?"

मी म्हटलं, "आंजर्ल्याहून. भिवाने सोडलं. पूजा करून."

त्याने माझ्यात अडकलेलं सगळं बघून घेतलं. मग म्हणालं, "या चपला, या बाटल्या, हे डांबर, हेही पूजा करूनच सोडतात का?"

मग ते आपलं आपणच सांगू लागलं. आम्हाला पाय नाहीत, म्हणालं. तोंड उघडून बसायचं आणि पाणी जे आणून देईल ते खायचं, एवढंच आम्हाला येतं. आमच्या आज्या-पणज्यांना पाण्याने नेहमी चांगलंच आणून दिलं, म्हणून आम्ही पाण्याला कधी विचारलं नाही की काय आणलंस. आता ते काय काय आणतं, आणि आम्ही तरी तोंड उघडतो. हे सगळं ते शांतपणे सांगत होतं, रडगाणं नव्हतं. मला त्याचाही राग आला. अरे, कोणाचा तरी सूड घ्यावा असं तुला वाटत नाही का? त्यावर ते म्हणालं, मी वर्षाला बोटाच्या पेराएवढंसुद्धा वाढत नाही, मी सूड कधी घेणार?

म्हटलं ठीक आहे, तुझा वाटाही मीच घेतो.

खाली ऊन जेमतेम पोचायचं, तेही मी अडवलं. तांबडी माती माझ्यात साठली आणि पोवळ्यांच्या तोंडात गेली. दिवाळीनंतर पाणी फिरलं आणि मला उत्तरेकडे, आंजर्ल्याकडे ओढू लागलं. मीही जीव तोडून निघायला बघत होतो. भिवाचं घर मला बोलावत होतं. पण प्रत्येक हिसड्याला पोवळ्याचं एखादं शिंग मोडायचं आणि मी आणखी खोल गुंतायचो. रंग उडत गेले. आधी कडा पांढऱ्या पडल्या, मग मधलं अंग. शेवंडं माझ्यात अडकून मेली, त्यांना खायला खेकडे आले, तेही मेले. मासे जागा सोडून गेले. म्हाताऱ्या पोवळ्याने बोलणं बंद केलं.

वर एक होडी यायची. तिच्यातून शेवंडांसाठी पिंजरे खाली यायचे आणि रिकामे वर जायचे. पिंजऱ्यामागून पिंजरा रिकामा जाताना बघून मला फार गोड वाटायचं. भिवा नाही तर नाही, त्याच्या जातीचा कोणी माणूस तरी उपाशी मरतोय ना! भोगा म्हटलं.

त्या होडीत सर्वेश होता, हे मला माहीत नव्हतं. या सोनखडपावरच नेत्राचं घर चालत होतं, हेही माहीत नव्हतं. पाण्याखाली कोण कोणाचं हे कळत नाही.

शिमगा झाला, पाणी निवळलं आणि एके दिवशी सकाळी सर्वेश स्वतः खाली उतरला. डोळ्यांना काच, हातात सुरी. माझ्याकडे बघितलं आणि रागाने मला कापायला लागला. लाट आली. तो माझ्यावर कलंडला, त्याचा पाय माझ्या वरच्या दोराजवळच्या फासात गेला. त्याने पाय खेचला, मी आवळलो. पुन्हा खेचला, आणखी आवळलो. सुरी त्याच्या हातातून निसटून कुठल्याशा भेगेत गेली.

सापडलास, म्हटलं. इतके महिने मी याच क्षणाची वाट बघत होतो. पाण्याच्या वर नाक न पोचणं काय असतं, ते त्या कासविणीला विचार. तो वाकून हाताने धागा तोडायला बघत होता. माझा धागा हाताने तुटत नाही. कागदावर लिहिलेलं होतं तसं, पक्का माल.

सर्वेशचा जोडीदार मोठ्या ट्रॉलरवर कामाला निघून गेला होता. म्हणून हल्ली त्याच्याबरोबर होडीवर त्याची बायको यायची. खालून भराभर बुडबुडे आले आणि मग बंद झाले, तसं तिने पाण्यात उडी घेतली. धडपडीने माती उठली होती, तिला डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. तिचे हात आधी त्याच्या पायाला लागले, मग मला लागले. बोटं माझ्या ठिगळावरून फिरली आणि थांबली.

मी ती बोटं ओळखली. त्यांनीही मला ओळखलं.

तो फास नेत्रानेच कधीतरी बांधला होता, हिरव्या धाग्याने, डाव्या हाताने. तिने खेचलं नाही. गाठ मागे ढकलली, खालची शेपटी उचलली, आणि सर्वेशचा पाय सुटला. तुम्ही म्हणाल, जाळ्याला दया आली. नाही हो! मी नव्हतो सोडणार. मी जीव एकवटून धरलं होतं. पण ती गाठ माझी नव्हती, तिची होती. तिने सांगितलं तसं गाठीने केलं.

सर्वेश होडीत पडून खोकत होता, त्याच्या घोट्याभोवती रक्ताचं कडं उमटलं होतं. दोर टाकून, पुन्हा पुन्हा खाली जाऊन, नेत्राने मला सगळाच्या सगळा वर काढला. मी येताना पोवळ्याचे तुकडे घेऊन आलो, कासविणीची पाठ घेऊन आलो. तिने एकेक हिरवं ठिगळ शोधून त्यावर हात ठेवला. मग तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं. तिच्या नावाचा नारळही माझ्याबरोबर निघाला होता, तो कुठे बुडाला असेल कोण जाणे.

त्या दिवशी तिने माहेरी फोन केला नाही, पुढेही केला नाही. मला घरामागे पसरून ठेवलं. सोनखडपावरून काही मिळेना, तसा सर्वेश लोट्याला, त्या तपकिरी पाण्याच्या खाडीवरल्या एका कंपनीत लागला, तिथेच खोली घेऊन राहिला. सुट्टीला आला की ओट्यावर बसून समुद्राकडे बघायचा. होडी माडाखाली पालथी पडली. आणि नेत्रा रोज येता-जाता मला बघायची. तीही डूख धरून बसली होती. मला तिची सोबत वाटायची.

पुढच्या नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिने मला गोणत्यात कोंबलं आणि एसटीत घातलं. दापोलीपर्यंत लोक नाकाला रुमाल लावून बसले होते. कंडक्टरने विचारलं, बाई, आत काय आहे? ती म्हणाली, माझ्या बाबांचं आहे. यावर तो बिचारा काय बोलणार! मी मात्र गोणत्यात आनंदाने फुगलो होतो. पाण्याने आणलं नाही तर नाही, एसटीने आणलं. भिवा, मी आलो!

खाडीकाठी जुन्या जाळ्यांचा ढीग तयार होता. उद्या सकाळच्या ओहोटीला सगळी जायची होती. पहिला नारळ आणि पहिलं जाळं सोडण्याचा मान भिवाच्या घराचा. त्याने सोडल्याशिवाय कोणी सोडत नाही. नेत्राने अंगणात गोणतं उलटं केलं आणि मी बाहेर पडलो, बरोबर त्याच कोपऱ्यात, जिथे कोंबड्या माझ्यावर बसायच्या.

बकुळा आधी लेकीला बघून हसली, मग मला बघून तिचा चेहरा उतरला. "गो, दिलेलं जाळं परत घरात आणतात?" म्हणाली. "अपशकुन हाय तो."

"मी नाय आणलं, आये," नेत्रा म्हणाली. "तेच माझ्याकडे आलं होतं." मग ती भिवाकडे वळली. "बाबा, तुम्ही दर्याला दिलंत. दर्यानं ते माझ्या दारात टाकलान."

तिने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्तच ऐकवत नव्हतं. भिवा उकिडवा बसला. डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्याने मला चाचपून बघितलं. हिरवं ठिगळ हाताला लागलं. पोवळ्याचा तुकडा लागला, तो त्याने माझ्यातून सोडवला आणि तळहातावर घेऊन बसला. कासविणीच्या पाठीला हात लागला तेव्हा पटकन मागे घेतला.

मग त्याने विचारलं, "जावयांचा पाय?"

"वण राहिला."

"आणि खडप?"

"वरचं सगळं पांढरं पडलं," नेत्रा म्हणाली. "आतल्या अंगाला थोडं जितं हाय अजून. उद्याचा तुमचा ढीग त्याच्यावरच जाईल."

याच क्षणासाठी मी इतका प्रवास केला होता. भिवाचा चेहरा मी डोळे भरून बघितला. मला वाटलं होतं, बघून पोट भरेल. थोडं भरलं. सगळं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव काठावर जमलं. भिवाने नारळ सोडला. जाळ्याला हात लावला नाही. लोक थांबले, मग कुजबुजले, मग तावातावाने बोलायला लागले. मान तुझा आहे म्हणून आमचं का अडवतोस? पिढ्यान्पिढ्यांचा रिवाज मोडणारा तू कोण? भिवाने पोवळ्याचा तो पांढरा तुकडा पुढे केला आणि माझ्या पोरीचं घर बसलं एवढंच म्हणाला. ओहोटी निघून गेली. ढीग काठावरच राहिला. शेवटी एक जण करवादला, मग ही जाळी काय आता डोक्यावर घेऊन फिरायची?

या प्रश्नाचं उत्तर गावाकडे नव्हतं. अजून नाही. घ्यायला कोणी येत नाही, ठेवायला जागा नाही, जाळली तर काळा धूर घराघरांत शिरतो, पुरली तर पुढच्या पावसात माती वाहून वर येतात. ढीग तसाच पडून आहे. येता-जाता लोक त्याच्याकडे बघायचं टाळतात. मागे न बघण्याची त्यांना सवयच आहे. पण आता तो मागे नाही, समोर आहे. आता बघावंच लागतं. यालाच मी माझा सूड म्हणतो.

मला भिवाने या वाशाला टांगलं. खाली जागा नव्हती म्हणून नव्हे. त्याला रोज माझ्याखालून वाकून जायचं होतं. तो जातो. नव्या जाळ्याची तुटकी घरं आता होडीतून परत आणतो, एक तुकडाही पाण्यात टाकत नाही. मी ते बघतो आणि तरीही त्याला माफ करत नाही. त्याला माफ करून ते म्हातारं पोवळं पुन्हा बोलायला लागणार आहे का?

सण झाला, नेत्रा परत निघाली. भिवा पडवीत बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी गेलो की हे माझ्याबरोबर जाळा. मी सोडलं, माझ्याबरोबरच संपू दे."

बकुळा तोंडाला पदर लावून आत गेली. नेत्रा पिशवी बांधत होती, ती थांबली.

"जाळू, बाबा," ती म्हणाली. "पण मग राख कुठं सोडायची?"

भिवाने खाडीकडे बघितलं. त्याच्या बापाची राख तिथेच सोडली होती, आजाचीही. ओहोटी लागली होती, पाणी भराभर बाहेर चाललं होतं. नेत्रा उत्तरासाठी थांबली नाही, तिची एसटी निघायची वेळ झाली होती.

माझी गोष्ट इथवरच आहे. तुमच्यापैकी कोणाला उत्तर सुचलं तर आंजर्ल्याला या आणि भिवाला सांगा. तो जिवंत आहे तोवर या. मी इथेच असेन. मला कसली घाई नाही, मी कुजत नाही.